मेस्त्रा, करंगळी आता दुखत नाही

प्रिय मेस्त्रा, माझ्या गुरू,

मराठी तुम्हाला वाचता येणार नाही. पुन्हा ब्राझीलला, साल्वादोरला आले की माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये वाचून दाखवीन. (पहिल्या दिवशी मला कळलेले दोनच शब्द, चावी आणि बादली. तुमच्याच भाषेतून आमच्याकडे आलेले.)

मी आले होते कापोएराच्या, म्हणजे तुमच्याकडच्या त्या गाण्याच्या तालावर खेळायच्या युद्धकलेच्या, लाथा शिकायला. तिसऱ्या आठवड्यात गुडघा मुरगळला आणि मी सामान बांधायला घेतलं. तुम्ही बॅग बाजूला सारलीत आणि हातात बेरिंबाव दिलंत, ते धनुष्यासारखं एका तारेचं वाद्य.

त्यानंतरचे नऊ दिवस! दोरीच्या फासात करंगळी अडकवायची, अख्खा दांडा तिच्यावर तोलायचा, त्याच हाताच्या चिमटीत दगड. दुसऱ्या हातात काडी आणि काशिशीचा खुळखुळा. पाच मिनिटांत करंगळी काळीनिळी. दांड्याला बांधलेला भोपळा पोटाला टेकवला की आवाज दबतो, दूर नेला की मोकळा होतो, एवढं कळायलाच माझे दोन दिवस गेले. शिकवायला तुम्ही दिलीत आठ वर्षांची मुलगी. तिने माझ्या हातावर दोनदा काडी मारली, आणि बरोबरच मारली.

मग रोदात, म्हणजे कापोएराच्या रिंगणात, बसले तेव्हा उमगलं की खेळ लाथ मारणाऱ्याच्या ताब्यात नसतोच. सगळ्यात जाड आवाजाचं बेरिंबाव, गुंगा, जसं म्हणेल तशी चाल. त्याने बोलावलं की खेळणाऱ्यांनी गुमान त्याच्यापुढे यायचं.

कापोएराचे थोर गुरू पास्तिन्या यांची गोष्ट तुम्ही तेव्हाच सांगितलीत. लहानपणी त्यांना एक थोराड पोरगा रोज बडवायचा. बेनेदितो नावाच्या म्हाताऱ्या आफ्रिकी माणसाने ते खिडकीतून पाहिलं आणि त्यांना शिकायला बोलावलं. १८९०च्या दंडसंहितेत कापोएराला दोन ते सहा महिने कैद होती, तो काळ. २०१४ साली युनेस्कोने रोदाला वारसा म्हटलं, तर तुम्ही नुसत्या हसलात.

आता पुण्यात रविवारी चार पोरं येतात. त्यांना आधी टाळ्या आणि गाणं, मग जिंगा, म्हणजे डोलती मूळ पावलं; लाथा मागतात, देत नाही. परवा बेरिंबावची तार तुटली. पंक्चरवाल्याकडून जुना टायर आणला, तुम्ही दाखवलंत तशी कडेतली तार सोलून काढली, रबर पॉलिशपेपरने घासलं. तो विचारत होता, ताई, हे वाजतं?

तुमची,
गुडघेवाली