माटोळीला मी नसेन

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा फोंड्याला पोचेन ती चवथीच्या आदल्या रात्रीच; गणपतीच्या डोक्यावरची फळांची माटोळी माझ्याविना बांधा. बाबा, रागावू नका. पंचवीस अंशांवर प्रयोगशाळेतल्या माझ्या माश्या दहा दिवसांत अंड्यापासून पुऱ्या वाढतात. कोषातून निघालेल्या माद्या आठ तासांच्या आत वेगळ्या केल्या नाहीत, तर भलत्याच नरांशी गाठ पडते. गेल्या महिन्यात एका बाटलीत मी तो घोळ घातला आणि तीन आठवडे पाण्यात गेले.

आई, 'लेक पुण्यात चिलटं मोजते' हे शेजारी सांगायला तुला जड जातं, ठाऊक आहे. तीच चिलटं, माटोळीतल्या सालदाटी केळ्यांवर घोंगावतात ती! गुंगी देऊन भिंगाखाली धरली, की लाल डोळ्यात जवळजवळ आठशे कण्या दिसतात, मधाच्या पोळ्यासारख्या ओळीत. प्रत्येक कणीत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. आठवी पेशी शेजारणीला निरोप देते तेव्हा ती शेजारीण सातवी होते. तो निरोप झेलणारं जनुक बिघडलं तर सातवी नाही, म्हणून त्याचं नाव 'सेव्हनलेस'. पुढे सापडलेल्या एकाचं नाव चक्क 'सन ऑफ सेव्हनलेस'. नावं ठेवण्यात हे लोक आपल्या वाड्याला हरवतील.

बाबा, तुम्ही जन्मभर विजेच्या खांबावर चढलात, म्हणून तुम्हाला हे लगेच पटेल. दिवा लख्ख लागला असताना एखादा जोड थोडा सैल झाला तर कळत नाही. मिणमिणत असेल तर लगेच कळतं. १९९१ साली बर्कलीत जेराल्ड रुबिन यांच्या प्रयोगशाळेत हेच केलं. सेव्हनलेस जेमतेम चालेल अशा माश्या घेतल्या, रसायनाने जनुकं कुठेतरी बिघडवली, आणि कुणाच्या डोळ्यातली सातवी विझते ते पाहिलं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक गेली तरी पुरे. असा सापडलेला एक जोड म्हणजे 'रास' नावाचं जनुक. माणसातही हाच रास असतो, आणि स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत तो बिघडून सतत 'चालू' राहिलेला असतो.

मीही मिणमिणता दिवा लावून बसलेय, दुसऱ्या तारेवर. अजून काही सापडलेलं नाही.

माटोळी उतरवल्यावर पिकलेली केळी टाकू नका. भिंग आणतेय, आईला तो डोळा दाखवायचाय.

तुमची,
मनू