यांत्रिक घड्याळ घेण्यापूर्वी

पुणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

बढतीनिमित्त २५ ते ३० हजारांत एखादे चांगले यांत्रिक घड्याळ घेण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. माझे मत आधीच सांगतो: आतले यंत्र कोणते आहे आणि पुढची वीस वर्षे ते आपल्या पेठेतला घड्याळजी उघडून दुरुस्त करू शकेल का, हे पाहा, तबकडीवरचे नाव त्यानंतर.

यांत्रिक घड्याळात मुख्य स्प्रिंगची ताकद दंतचक्रांतून बॅलन्स व्हीलपर्यंत, म्हणजे घड्याळाची गती सांभाळणाऱ्या डोलत्या चाकापर्यंत, पोहोचते आणि हा प्रवास रात्रंदिवस चालू असतो. आतले तेल कालांतराने वाळते, म्हणून दर पाच वर्षांच्या आसपास सगळे भाग सुटे करून, धुऊन, नवे तेल घालून जुळवावे लागतात. विकत घेताना कोणी या खर्चाचा विचार करत नाही, आणि मग सुट्या भागांअभावी उत्तम घड्याळ कपाटात पडून राहते.

तुझ्या रकमेत मी जपानी घड्याळांकडेच वळेन. सेको कंपनीच्या ‘सेको ५’ मालिकेत ४आर३६ हे यंत्र असते: २४ खडे (झीज टाळणारे छोटे कठीण दगड), तासाला २१,६०० ठोके, आणि पूर्ण चावी भरली की सुमारे ४१ तासांची चाल. याच घराण्यातले एनएच३५ हे यंत्र जगभरच्या इतर उत्पादकांनाही विकले जाते, त्यामुळे भाग सहज मिळतात आणि वेळ आलीच तर संपूर्ण यंत्रही बदलता येते. मात्र दुकानदार जुना साठा दाखवत असेल तर त्यात ७एस२६ हे सेकोचे जुने यंत्र आहे का, हे विचार. त्याची चावी मनगटाच्या हालचालीनेच भरते, हाताने देता येत नाही, आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. टिसॉचे ८० तास चालणारे स्विस यंत्र मोहात पाडेल, पण ते तुझ्या रकमेबाहेर जाते. खड्यांच्या आकड्याला भुलू नकोस. घर्षण होते त्या जागी ते बसवलेले असले की पुरे, आणि हाताने चावी द्यायच्या साध्या घड्याळाला १७ खडे पुरतात.

अचूकतेबद्दल तुला शंका आहे. सेको स्वतः ४आर३६ साठी दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी मर्यादा सांगते. हे ऐकून निराश होऊ नकोस. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, आणि त्यांत तीस सेकंदांचा फरक पडला तर तो हजारात एक भागही होत नाही. बॅटरीशिवाय, केवळ स्प्रिंग आणि चक्रांच्या बळावर हे साधते, याचे मला आजही अपार कौतुक वाटते. चांगला कारागीर हा फरक आणखी कमी करून देतो.

ओरिएंट या जपानी कंपनीचे बॅम्बिनो शर्टाच्या बाहीखाली फार शोभते, परंतु त्याची पाण्याची मर्यादा ३० मीटर आहे आणि याचा अर्थ शिंतोड्यांपुरतेच संरक्षण असा समजावा. जुलैमध्ये तू कोथरूडहून दुचाकीने कार्यालयात येणार असशील, तर १०० मीटरचे सेको ५ स्पोर्ट्स अधिक निर्धास्त. नीलमणी काच मिळाली तर उत्तम, कारण तिच्यावर सहसा चरे पडत नाहीत. साध्या खनिज काचेवर पडतात. तुझे मनगट बारीक आहे, तेव्हा ४२ मिलिमीटरपेक्षा ३८ चे घड्याळ पाहा, आणि पट्टा अडकवण्याचे दोन्ही कान मनगटाबाहेर जात नाहीत ना, हे हातात घालूनच ठरव.

जुन्या एचएमटीविषयीही तू विचारलेस. १९६१ मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूरात सुरू झालेल्या त्या कारखान्याची ‘जनता’ आपल्या वडिलांच्या पिढीने हातात मिरवली, आणि ती मलाही अतिशय प्रिय आहे. तथापि जुन्या बाजारात रविवारी दिसणाऱ्या चकचकीत रंगीत तबकड्या बहुधा नव्याने रंगवलेल्या असतात आणि आतले भाग दोन-तीन घड्याळांतून जमवलेले असतात. अशी खरेदी पुढे कधीतरी, ओळखीच्या घड्याळजीला पाठचे झाकण उघडून पाहायला लावूनच करावी. बढतीचे घड्याळ नवेच घे, पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घेऊन.

घेतल्यावर रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख बदलू नकोस, कारण तेव्हा तारखेचे दाते गुंतलेले असतात आणि ते मोडू शकतात. घड्याळ फोनच्या किंवा स्पीकरच्या चुंबकाजवळही ठेवू नकोस. ते अचानक बरेच पुढे धावू लागले, तर चुंबकत्व चढले असण्याची शक्यता असते आणि कारागीर ते काही क्षणांत उतरवून देतो.

येत्या शनिवारी दुपारी लक्ष्मी रस्त्यावर ये, आपण दोन-तीन दुकाने एकत्र पाहू. त्याआधी दोऱ्याने मनगटाचा घेर मोजून मिलिमीटरमध्ये कळव, आणि तारखेबरोबर वारही हवा आहे का, तेही लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक