नायकाचे कपडे कुणी शिवले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुपरहिरोंच्या चित्रपटांवर पानभर मजकूर होता. हातातली कात्री बाजूला ठेवून मी तो दोनदा वाचला. कुठल्या चित्रपटाने किती गल्ला जमवला, कोण कुठल्या भागात मेला आणि पुढच्या भागात कसा परत आला, सगळं होतं. पण या मंडळींचे कपडे कुणी बेतले आणि त्यांच्या मागे जे वाजतं ते कुणी वाजवलं, याबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी गेली २६ वर्षं कोल्हापुरात शिवणकाम करते. सुपरहिरोंचं वेड त्याच्याही आधीचं. गल्लीत गणपतीला भाड्याने व्हीसीआर आणायचे, त्यावर सुपरमॅन पाहिला तेव्हापासूनचं. पोरं त्याच्या चड्डीला हसायची. मला मात्र ती तेव्हाही बरोबर वाटली होती. पुढे वाचनात आलं की १९३८ मध्ये हा नायक पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा त्याचा पोशाख सर्कशीतल्या ताकदवान गड्यांवरून घेतलेला होता. घट्ट कपडे आणि वरून आखूड चड्डी, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळावं की हा अंगमेहनतीचा माणूस आहे. तालमीतला गडी लांग चढवून मातीत उतरला की त्याची ओळख करून द्यावी लागत नाही, तसंच ते.

पण मला खरं लिहायचंय ते ‘ब्लॅक पँथर’बद्दल. २०१८ साली तो पाहायला भाच्याला घेऊन गेले आणि गोष्टीपेक्षा कपड्यांकडेच बघत बसले. त्यातला नायक हा वाकांडा देशाचा राजा. हा देश कल्पनेतला आहे, पण तिथल्या माणसांच्या अंगावरचं बरंचसं खरं आहे. वेशभूषाकार रूथ कार्टर यांनी आफ्रिकेतल्या निरनिराळ्या समाजांचे पेहराव अभ्यासून तो देश उभा केला. राणीचा तो मोठा गोल मुकुट झुलू समाजातल्या विवाहित बायकांच्या टोपीवरून घेतलाय आणि थ्रीडी प्रिंटरवर तयार केलाय. सीमेवर पहारा देणाऱ्यांच्या खांद्यावर लेसोथो देशातली ब्लँकेटं आहेत. आपल्याकडे धनगराच्या खांद्यावर घोंगडं असतं, ते थंडीपावसाचं पांघरूण असतं आणि त्याची ओळखही असते. इथे त्याच ब्लँकेटची लढाईत ढाल होते. राजाचं रक्षण करणाऱ्या स्त्रिया कॉमिक्समध्ये अगदी तोकड्या कपड्यांत असायच्या. कार्टर यांनी त्यांना अंगभर लाल पोशाख, मणिकाम आणि चिलखत दिलं. त्या बायका पडद्यावर आल्या आणि माझ्या शेजारी बसलेल्या आजी सावरून बसल्या. मी स्वतः पाहिलं.

राजाच्या काळ्या पोशाखावर उठावाचे बारीक त्रिकोण आहेत. आफ्रिकेतल्या कलेत त्रिकोण फार जुना, म्हणून तो सगळ्या अंगभर. हे मला इतकं नीट कळलं, कारण तोच पोशाख मी भाच्याच्या शाळेतल्या गॅदरिंगसाठी शिवला. ताणणारं काळं लायक्रा आणलं, नेहमीच्या सवयीने सरळ टाका मारला आणि पहिल्याच उडीला पायांमधला जोड उसवला. ताणणाऱ्या कापडाला टाकाही ताणणारा लागतो. सगळं उसवलं, बॉलपॉइंट सुई घातली, झिगझॅग टाका घेतला. मग छातीवरचे त्रिकोण आउटलायनरच्या ट्यूबने एकेक करून काढले. नुसत्या पुढच्या भागालाच तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी पोराने तो चढवला, आरशासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात छातीवर फुली करून ठेवले. एरवी वर्गात मागच्या बाकावर खाली मान घालून बसणारा मुलगा. त्या दिवशी त्याचा कणा वेगळाच होता. कपडा काय करतो हे मला रोज दिसतं, पण इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

संगीताचंही तसंच. संगीतकार लुडविग गोरान्सन मूळचे स्वीडनचे. हे काम हाती घेतल्यावर ते सेनेगलला गेले आणि तिथले मोठे गायक बाबा माल यांच्याबरोबर दौऱ्यात फिरले. तिथे त्यांना टामा भेटला. हा डमरूसारखा मध्ये चिंचोळा ढोल असतो, काखेत धरायचा आणि वाकड्या काठीने वाजवायचा. कडेच्या दोऱ्या काखेत आवळल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. त्यामुळे तो बोलल्यासारखा वाजतो. वादक मसाम्बा दिओप यांनी त्यावर राजाचं नावच वाजवलंय, टी-चा-ला! एकदा कानात बसलं की पुढे प्रत्येक वेळी ऐकू येतं.

मी ते ऐकलं आणि मला चौंडकं आठवलं. आमच्याकडे यल्लम्माचे जोगती चौंडकं काखेत धरतात, तार ताणतात, सैल करतात आणि त्यातून तसाच वर चढणारा, खाली घसरणारा सूर निघतो. टामा चामड्याचा आणि चौंडकं तारेचं, वाद्यं वेगळी आहेत. पण ताण कमीजास्त करून सूर खेळवण्याची ती गंमत मी लहानपणापासून दारात ऐकत आलेय. हजारो मैलांवरच्या सेनेगलचं वाद्य मला परकं वाटलंच नाही.

खलनायक किलमाँगर अमेरिकेत, ओकलंडमध्ये वाढलेला. म्हणून त्याच्यासाठी फुला समाजाची बासरी आहे आणि तिच्या खाली हिपहॉपचा जडशीळ ठेका. त्याचं घर कुठलं, हा त्या माणसाचा सगळा सल संवादाआधी संगीतातूनच कळतो. २०१९ मध्ये या चित्रपटाला वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत अशी तीन ऑस्कर मिळाली. तिन्ही नटांच्या मागे काम करणाऱ्यांना. वेशभूषेचं ऑस्कर मिळवणाऱ्या कार्टर या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. २०२३ मध्ये याच मालिकेतल्या दुसऱ्या चित्रपटासाठी त्यांनी ते पुन्हा मिळवलं.

आता आपल्या घरचं. भारतातलं पहिलं ऑस्कर कुणाला मिळालं, हे मी दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या मुलींना विचारते. बहुतेकींना सांगता येत नाही. ते मिळालं वेशभूषेला, १९८३ मध्ये, ‘गांधी’साठी, आणि ज्यांना मिळालं त्या भानू अथैया कोल्हापूरच्या. माहेरच्या राजोपाध्ये. १९२९ मध्ये इथेच जन्मलेल्या, पुढे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. ते ऑस्कर त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून मिळालं होतं. हे मोलो कोण? ‘स्टार वॉर्स’चे वेशभूषाकार. त्यातला खलनायक डार्थ व्हेडर, त्याचा काळा झगा आणि शिरस्त्राण ज्या चित्रपटात जगाने पहिल्यांदा पाहिलं, त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना आधीच एक ऑस्कर मिळालेलं होतं. म्हणजे ज्या माणसाने त्या दूरच्या आकाशगंगेतल्या पात्रांना कपडे चढवले, तो आमच्या कोल्हापूरच्या लेकीच्या जोडीला काम करत होता. हे मला कळलं त्या दिवशी मी मशीन बंद करून नुसती बसून राहिले होते.

भानूताईंनी २०१२ मध्ये ते ऑस्कर नीट जपलं जावं म्हणून अकादमीकडे परत पाठवलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. इथल्या किती शिवणक्लासांत त्यांचं नाव घेतात?

माझं मागणं मोठं नाही. चित्रपटाचं परीक्षण छापताना दोन ओळी जास्त द्या, कपडे कुणी केले आणि वाद्यं कुणी वाजवली एवढ्यापुरत्या. सुपरहिरोच्या चित्रपटात तर द्याच, कारण तिथे नटाचा चेहरा बरेचदा मुखवट्याआड असतो आणि अर्धा अभिनय कापड आणि ठेका करत असतात. श्रेयनामावली वर सरकायला लागली की आपल्याकडे थिएटरातले दिवे लागतात आणि लोक उठतात. निदान दुसऱ्या दिवशी पेपरात तरी ती नावं दिसावीत.

यंदा गॅदरिंगला भाच्याच्या धाकट्या बहिणीला ओकोये व्हायचंय, राजाच्या त्या रक्षक स्त्रियांची सेनापती. गळ्यातल्या सोनेरी कड्यांसाठी मी पितळेची तार आणून ठेवलीय, लाल कापड मिळालंय, मणी ओवायला तिची आजी बसलीय. ती मला रोज विचारते, मावशी, हे पहिल्यांदा कुणी केलं? मी तिला नाव सांगितलंय.

आपली नियमित वाचक,
कोल्हापूर