कोयत्यासोबत जाणाऱ्या लेकरांच्या शाळेचे काय? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

तीन ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळेल, असे वचन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० देते आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांचा त्यात आवर्जून उल्लेख करते. या वचनाची परीक्षा बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांत दरवर्षी दिवाळीच्या सुमारास होते. ऊसतोडीसाठीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम जवळ आला की मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, टोळी भरतो, आणि सांगली-कोल्हापूरकडे किंवा सीमेपलीकडे बेळगावकडे निघालेल्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांसोबत शाळेत जाणारी लेकरेही बसतात. ती परततात तेव्हा वर्ष संपत आलेले असते.

त्यांच्यासाठी काहीच झाले नाही, असे माझे म्हणणे नाही. हंगामी वसतिगृहाची योजना मला मनापासून पटते, कारण तीत मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहते, त्याची शाळा सुटत नाही आणि जेवणाची सोय होते. मात्र टोळी गेल्यावर मंजुरी आली, तर आई-बापांनी कोणाच्या भरवशावर मूल मागे ठेवायचे?

मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जात असल्याने आईला मागे थांबता येत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलीला सोबत नेले जाते ते बहुधा धाकट्या भावंडासाठी. पहाटे आई-बाप उसाच्या फडात गेले की कोपीतले, म्हणजे झोपडीतले, तान्हे सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे तिच्याकडे येते. तिला शाळेत दाखल करा, अशी कितीही परिपत्रके निघाली तरी ते बाळ कोणाकडे द्यायचे, याचे उत्तर त्यांत नसते. कारखान्याजवळच्या मजुरांच्या तळावर पाळणाघर असेल, तरच ती वर्गात बसू शकेल. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, ऊसतोड कामगारांच्या मुलांची संत भगवानबाबा वसतिगृहे सामाजिक न्याय विभागाकडे आणि शाळा आपल्याकडे, अशा वाटणीत ही मुलगी कोणाच्याच हिशेबात धड येत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम ९नुसार स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. प्रत्यक्षात पट घटून संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे ठरवताना, शिक्षकाचे पद जाईल, या धास्तीने गावची शाळा नाव कमी करायला धजत नाही, आणि कारखान्याजवळची शाळा काही महिन्यांपुरत्या आलेल्या मुलाला पटावर घ्यायला कचरते. दोन्ही शाळांच्या पटाला धक्का न लावता हजेरी नोंदवण्याची तरतूद आपल्याच विभागाला करता येईल.

वसतिगृहांची मंजुरी व निधी ऑगस्टअखेर शाळा व्यवस्थापन समित्यांच्या हाती द्यावा, गाळप परवान्यासाठी तळावरील पाळणाघराची अट घालण्याबाबत आपण स्वतः सहकार विभागाशी बोलावे आणि बेळगावकडे जाणाऱ्या मुलांसाठी कर्नाटक शासनाशी बोलणी सुरू करावीत. यंदाच्या टोळ्या हलण्याआधी याबाबतचा शासन निर्णय निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतील एक निवृत्त शिक्षक, बीड जिल्हा