तक्त्यातला एक रकाना राहून गेला

मा. संपादक,

आपल्या आरोग्य पुरवणीत गर्भनिरोधक साधनांची तुलना करणारा लेख आणि त्यासोबतचा तक्ता वाचला. ज्या विषयावर घरातही हळू आवाजात बोलले जाते तो पान भरून छापल्याबद्दल आपले आभार. मात्र त्या तक्त्यात गोळ्या, इंजेक्शन आणि तांबी या तिन्हींपुढे ‘९९ टक्के’ व कंडोमपुढे ‘९८ टक्के’ असे आकडे पाहिल्यावर, कुटुंबनियोजनाच्या खोलीत २२ वर्षे काम केलेल्या मला हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. हे आकडे खोटे नाहीत, पण ते अर्धेच आहेत, आणि त्यांवरून कोणी साधन निवडले तर पस्तावण्याची पाळी येऊ शकते.

साधनाची खात्री दोन प्रकारे मोजतात. एक, ते सांगितल्याबरहुकूम, एकदाही न चुकता वापरले तर. आणि दुसरी, माणसे प्रत्यक्षात जसे वापरतात तसे वापरले तर. गोळ्या अगदी नियमाने घेणाऱ्या १,००० स्त्रियांपैकी वर्षभरात साधारण तिघींना दिवस जातात. प्रत्यक्ष वापरात मात्र १०० मध्ये सुमारे ७ जणींना. कंडोमच्या बाबतीत हाच आकडा १०० मध्ये २ वरून १३ वर जातो, आणि दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनच्या बाबतीत एकाच्याही आतून ४ वर. तांबी, म्हणजे कॉपर टी, आणि दंडात त्वचेखाली बसवायची हार्मोनची कांडी यांचे आकडे मात्र दोन्ही रकान्यांत जवळजवळ सारखेच, १०० मध्ये एकापेक्षा कमी. काहीच साधन न वापरणाऱ्या १०० जोडप्यांत वर्षभरात ८५ जणींना दिवस जातात, हे लक्षात घेतले तर कोणतेही साधन निरुपयोगी नाही हे कळते; परंतु दोन रकान्यांमधले अंतर हे त्या साधनाला रोज किती आठवण आणि शिस्त लागते याचे माप असते, आणि आपल्या तक्त्यातून नेमका तोच रकाना गळला आहे.

याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एक बाई पाळी चुकली म्हणून आल्या. “सिस्टर, एकही गोळी चुकवली नाही,” म्हणत त्यांनी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवले. पाकीट खरोखरच ओळीने रिकामे होत आले होते, मध्ये एकही गोळी शिल्लक नव्हती. बोलता बोलता कळले, की आधीचे पाकीट संपले तेव्हा त्या प्रवासात होत्या आणि हे नवे पाकीट त्यांनी चार दिवस उशिराने सुरू केले होते. अठ्ठावीस गोळ्यांच्या पाकिटात बहुधा शेवटच्या ७ गोळ्यांत हार्मोन नसते. त्या सात दिवसांना आणखी चार जोडले गेले आणि तेवढ्या अवधीत बीजकोशाने बीज सोडण्याचे आपले काम सुरू केले. पाकिटात चूक दिसत नव्हती, कारण ती दोन पाकिटांच्या मधल्या दिवसांत झाली होती. अशा बाईला ‘९९ टक्के’ हा आकडा दाखवून काय समजावणार?

याचा अर्थ सर्वांनी तांबी बसवावी असा मुळीच नाही. तांबीमुळे पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव आणि पोटदुखी वाढते, आणि जिला आधीच पाळीत खूप जाते व अंगात रक्त कमी आहे तिच्यासाठी ती चांगली निवड नव्हे. अशा स्त्रीला हार्मोनयुक्त तांबी अधिक मानवते, कारण तिने पाळी उलट कमी होते. तांबी कधी कधी आपोआप खाली सरकून पडते आणि बहुधा पहिल्या काही महिन्यांतच पडते, म्हणून पाळीनंतर धागा हाताला लागतो का ते पाहायला मी शिकवत असे. (तांबी छातीपर्यंत चढते, ही भीती मी इतक्यांदा निवारली आहे की आता तिचा कंटाळाही येत नाही.) वर्षभरात मूल हवे असेल तर इंजेक्शनचा आग्रह धरू नये, कारण ते थांबवल्यावर गर्भधारणेची क्षमता परत यायला कित्येक महिने लागू शकतात. पस्तिशी उलटलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब जास्त असलेल्या, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठणाऱ्या किंवा पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीने एस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळ्या टाळाव्यात. क्षयासाठी रिफाम्पिसिन हे औषध चालू असेल तर गोळ्यांचा भरवसा धरू नये. तक्त्यात यातले एक अक्षरही नाही.

आपत्कालीन गोळी नेहमीच्या साधनांच्या रांगेत बसवली आहे, हेही मला खटकले. ती संबंधानंतर जितक्या लवकर, शक्यतो ७२ तासांच्या आत, घ्यावी लागते. ती बीज बाहेर पडणे लांबवते, गर्भपात घडवत नाही, आणि बीज आधीच बाहेर पडले असेल तर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. अशा वेळी पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तिच्याहून कितीतरी खात्रीची असते. कंडोमला मात्र तक्त्यात जवळजवळ तळाची जागा देणे अन्यायाचे वाटते, कारण एचआयव्हीसारख्या लैंगिक संसर्गापासूनही बचाव करणारे यादीतले तेवढे एकच साधन आहे.

सर्वांत मोठा आक्षेप ‘नसबंदी’ या एका ओळीबद्दल आहे. स्त्रीची शस्त्रक्रिया पोटात शिरून करावी लागते. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया जागा बधिर करून बारीकशा छिद्रातून होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. अपयशाचे प्रमाणही पुरुषाच्या नसबंदीत कमी, १,००० मध्ये एखाद-दुसरे. स्त्रीच्या बाबतीत ते १,००० मध्ये ५ च्या आसपास. फक्त पुरुषाची नसबंदी लगेच लागू पडत नाही, सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्याची तपासणी करून घ्यावी लागते, आणि हे न सांगितल्यामुळे घरात नाहक संशय शिरलेला मी पाहिला आहे. दोन इतक्या वेगळ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्या, की ती ओळ स्त्रीचीच समजून पुरुष वाचक पान उलटतो.

दुरुस्त तक्ता छापावा ही विनंती आहे, आणि छापताना गोळ्यांच्या ओळीखाली, आकड्यांइतक्याच ठळक अक्षरांत, पुढील मजकूर घालावा. एस्ट्रोजेन असलेल्या पाकिटातली एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी, मग एका दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या तर एक ताबडतोब घेऊन पाकीट पुढे चालू ठेवावे आणि सात दिवस कंडोम वापरावा. नवे पाकीट सुरू करायला उशीर झाला, तर तितक्या दिवसांच्या गोळ्या चुकल्या असेच धरावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका