'ऑसम', पण नेमके काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या बालपुरवणीत मुलांच्या चित्रांखाली 'ऑसम!' असा शेरा हल्ली सर्रास दिसतो. शाळेच्या वह्यांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, लग्नाच्या पंगतीतही हाच शब्द. इंग्रजीवर माझा राग नाही. पण हा शब्द मुळात फार मोठा आहे. भव्य काही समोर आले की मनात धाक आणि आदर एकदम दाटतो, तो सांगणारा. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यावर तापीचे पाणी बघताना पाय मागे सरतात, पण नजर हटत नाही. तिथे हा शब्द शोभतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोरही शोभतो. पुढे अमेरिकेतल्या तरुणांच्या बोलीत तो नुसत्या 'छान'वर आला आणि आपण तसाच उचलला. शब्दांचे अर्थ बदलतातच. माझी हरकत आहे ती एका शब्दात कौतुक उरकण्याला.

आपल्या खान्देशात भरीत पार्टीला जाणती माणसे पहिल्या घासालाच सांगतात: वांगं बामणोदचं दिसतंय, काड्यांवर भाजलंय, लाकडी बडगीत ठेचलंय, मिरची मात्र जरा कमी पडली. करणाऱ्याला आपले काय जमले ते लगेच कळते.

कवी सोपानदेव चौधरींनी दाखवलेल्या त्यांच्या आईच्या, बहिणाबाईंच्या, कविता वाचून आचार्य अत्र्यांनी त्यांना 'बावनकशी सोनं' म्हटले. कसाला उतरलेले सोने म्हणजे काय, हे जळगावकरांना सांगायला नको. शिवाय अत्रे तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५२ मध्ये बहिणाबाईंच्या कवितांचे पुस्तक निघाले, त्याला त्यांनी प्रस्तावना लिहिली. असे कौतुक करायला आधी नीट वाचावे लागते, आणि नेमकी तीच मेहनत आपण टाळू लागलो आहोत.

मध्यंतरी पुरवणीत एका लहान मुलीने काढलेले केळीच्या बागेचे चित्र आले होते. खोडाला लोंबणारी वाळकी पाने तिने तपकिरी रंगाने, कडा फाटक्या ठेवून काढली होती. बांधावर उभे राहून निरखल्याशिवाय हे सुचत नाही. खाली शेरा तोच, 'ऑसम!' आपले कोणी खरोखर पाहिले का, हे त्या मुलीला त्यातून कसे कळावे?

म्हणून विनंती, प्रत्येक चित्राखाली, कवितेखाली काय आवडले ते सांगणारी एक ओळ छापावी. जागा कमी पडत असेल तर चित्रे दोन कमी घ्यावीत.

आपला नम्र,
एक वाचक, अमळनेर