पीटीच्या तासात मूल हलते किती मिनिटे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शाळेत आठवड्याला शारीरिक शिक्षणाच्या किती तासिका होतात, हे कोणतेही मुख्याध्यापक वेळापत्रक पाहून सांगतील. पण त्या तासिकेत एकेक मूल प्रत्यक्षात किती मिनिटे धावते, उड्या मारते किंवा निदान झपझप चालते, याची नोंद कोणत्याच वहीत नसते. धुळे जिल्ह्यातील माध्यमिक शाळेत अनेक वर्षे पीटीचे तास घेऊन निवृत्त झालेला शिक्षक म्हणून मला याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेत कामानिमित्त थांबावे लागले, तेव्हा मैदानाच्या कडेला बसून मी सातवीतल्या एकाच मुलीकडे पूर्ण तासिकाभर पाहत राहिलो. वर्गातून रांगेने येणे, उंचीप्रमाणे उभे राहणे, हजेरी आणि गणवेशाची तपासणी यांतच ३५ मिनिटांतला बराचसा वेळ सरला. पुढे लांब उडी होती; खड्डा एक आणि मुली पन्नासेक. तिची पाळी दोनदा आली आणि दोन्ही उड्या काही सेकंदांत संपल्या. उरलेला सगळा वेळ ती उन्हात उभी होती. हे मी त्या शिक्षकांना दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण सरळ रांग म्हणजे चांगला तास, असे मीही वर्षानुवर्षे मानत आलो आणि त्याची आज मला मनापासून खंत वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी. याच संघटनेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुलांची तेवढी हालचाल होत नाही. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के आहे. तासातली हालचाल मोजण्याची पद्धतही नवी नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये थॉम मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली: निवडलेल्या विद्यार्थ्याकडे दहा सेकंद पाहायचे, पुढच्या दहा सेकंदांत तो आडवा आहे, बसला आहे, उभा आहे, चालतो आहे की त्याहून जोरात हलतो आहे, एवढेच टिपायचे. तासाचा निम्मा वेळ तरी शेवटच्या दोन प्रकारांत जावा, अशी तेथील अपेक्षा असते.

आपले खेळ या मोजमापाला लावून पाहावेत. खो-खोचे एकच मैदान आखले, तर एका वेळी पाठलाग करणारे नऊ आणि धावणारे तीन असे बारा जण आत असतात. त्यांतले आठ बसलेले, म्हणजे पन्नासांच्या वर्गात पळतात ते फार तर चौघे. हा खेळाचा दोष नाही. स्पर्धेचा नियम वर्गाला जसाच्या तसा लावल्याने असे होते. त्याच जागेत फक्कीने लंगडीची चार छोटी मैदाने आखली किंवा साखळीची शिवाशिवी लावली, तर बहुतेक वर्ग हलता राहतो आणि त्याला खर्चही नाही.

शेतकऱ्यांची मुले कापूस वेचायला जातात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला, असे आमच्या भागात अनेक जण म्हणतात. दिवसभर वाकून केलेले कष्ट शरीर थकवतात. धावणे, झेप घेणे, तोल सांभाळणे आणि सवंगड्यांसोबत मनमुराद खेळणे त्यातून मिळत नाही. शिवाय एसटीने किंवा रिक्षाने शाळेला येणाऱ्या मुलांचे पायी चालणेही आता उरलेले नाही.

खानदेशातले ऊन ध्यानात घेऊन पीटीचा तास दुपारी शेवटी न ठेवता सकाळच्या पहिल्या दोन तासिकांत घ्यावा. शाळा तपासणीला येणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांनी खेळाच्या साहित्याची नोंदवही पाहतानाच एखादा तास मैदानावर उभे राहून पाहावा आणि मुली किती वेळ रांगेत होत्या, याचा शेरा लिहावा. शिरपूर परिसरातील ज्या शाळांना ही नोंद सुरू करायची असेल, तेथे स्वतः येऊन दोन-तीन तास ती करून दाखवण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
शिरपूर (जि. धुळे)